पाच खण आणि एक कॉर्सेट

संशय घेणं ही माझी जुनी खोड. आई म्हणायची, "ही पोर दूध पिण्याआधी गायीची चौकशी करील." वाण्याकडून आणलेली साखर मी घरी पुन्हा तोलून बघत असे. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा जर्मनीत शिकतो हे ऐकून सगळे हरखून गेले, आणि मी मावसभावाला गुपचूप त्यांच्या जुन्या कॉलेजात पाठवलं, खरंच तिथून पास झालेत का बघून ये म्हणून. झाले होते, पहिल्या वर्गात. तरी बोटीवर पाय ठेवेपर्यंत माझी खात्री पटली नव्हती.

अशी मी आखनला येऊन पडले. एकोणीसशे साठ उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. ह्यांचं टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेटचं काम चाललं होतं. जुन्या भागातल्या एका तीन मजली घरात, अगदी वर, उतरत्या छपराखाली आमची एक खोली होती. उभं राहिलं की ह्यांचं डोकं तुळईला लागे आणि बसलं की थंडी वाजे. तळमजल्यावर घरमालकीण राहायच्या. पन्नाशी उलटलेल्या, हाडापेराने मजबूत, आणि कायम काळ्या नाहीतर करड्या कपड्यांत. नवरा युद्धात पूर्वेकडे गेला तो परत आलाच नाही. त्याचा फोटो दारातच टांगलेला होता. गणवेशातला असल्याने मी त्याच्याकडे बघायचं टाळत असे.

आमच्या खोलीची दुसरी किल्ली बाईंच्या खिशात असायची. आम्ही बाहेर गेलो की त्या वर येऊन ओफन बघून जात. ओफन म्हणजे आमची कोळशाची शेगडी. निखारा पडून आग लागू नये म्हणून बघतात, असं हे म्हणायचे. मी म्हणायची, आग लागू नये म्हणून कुणी उशा सरळ करतं का? मी मुद्दाम वाकडी ठेवलेली उशी परत येऊन पाहावी तर सरळ झालेली असायची.

माझ्या ट्रंकेत पाच खण होते. चार मावशीने दिलेले, परदेशात कुणाची ओटी भरायची वेळ आली तर असावेत म्हणून. पाचवा आईचा होता, आणि तो द्यायचा नव्हता.

त्या पाचव्या खणाचं सांगते. अंजिरी रंगाचा, काठाला बारीक पिवळी रेघ. वडील असताना कुठल्याशा दिवाळीत आईच्या ओटीत आला होता. शिवू शिवू म्हणता राहून गेला आणि मग वडीलच गेले. त्यानंतर आईने पांढऱ्याखेरीज काही अंगाला लावलं नाही आणि खण तिच्या पेटीत तसाच पडून राहिला, बारा वर्षं. मी निघाले त्या दिवशी माझी ओटी मावशीने भरली. आई माजघराच्या दाराआड उभी होती. स्वतःच्या मुलीची ओटी भरायची तिला सोय नव्हती, आणि ती पुढेही आली नाही. एडनला बोट थांबली तेव्हा ट्रंक लावायला काढली, तर तळाशी, सगळ्या साड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा खण. चिठ्ठी नाही, काही नाही. मी त्या बोटीच्या कोंदट खोलीत बसून पोटभर रडले. त्याची चोळी शिवायला माझे हात धजले नाहीत. अधूनमधून कागद उघडून नुसता बघायची आणि परत ठेवायची.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. परक्या मुलुखात का होईना, लग्नानंतरची पहिली संक्रांत. तीळ मिळाले नाहीत म्हणून बदामाच्या वड्या केल्या, नारळाऐवजी सफरचंदं आणली. मधल्या मजल्यावरच्या दोघी शेजारणी, ह्यांच्या प्रोफेसरांच्या पत्नी आणि पलीकडच्या गल्लीतली एका पुण्याच्या विद्यार्थ्याची बायको, अशा चौघींना बोलावलं. चौघींना कुंकू लावलं, चौघींची ओटी भरली, मावशीचे चारही खण त्यात गेले. जर्मन बायकांना ओटीचे तांदूळ कशात घ्यावेत कळेना, त्यांनी पर्सा उघडल्या. आम्ही फार हसलो.

घरमालकीणबाईंना बोलावलं नव्हतं. त्यांना विसरले होते असं म्हणायला आवडलं असतं, पण ते खरं नाही. यादी करताना त्यांचं नाव मनात आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं. हळदीकुंकवाला विधवेला बोलवत नाहीत, हे मला शिकवावं लागलं नव्हतं, जसं उजव्या हाताने जेवायचं शिकवावं लागलं नव्हतं.

त्यानंतर आठेक दिवसांनी ट्रंक उघडली, तर अंजिरी खण नव्हता.

मी ट्रंक पलंगावर पालथी केली. साड्या झटकल्या, ह्यांची पुस्तकं झटकली, गादी उचलून पाहिली. वर्तमानपत्राचा कागद होता, नीट घडी घालून ठेवलेला. आत काही नाही. दुसरं काहीही जावं, सोनं जावं, पण हा नको, असं मी मोठ्याने म्हटल्याचं आठवतं. मग मी डोळे पुसले आणि विचार करायला लागले, आणि विचार करायला लागले की माझं एकच होतं. किल्ली कुणाकडे? उशा कोण सरळ करतं? आणि घडी घालून कागद परत ठेवण्याइतकं टापटिपीचं या घरात कोण आहे?

हे संध्याकाळी आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढायला जरा जास्तच वेळ लावला.

"असेल गं इथेच कुठेतरी. खण काय पळून जातो?"

"पळत नाही, पळवतात," मी म्हटलं.

"उगाच कुणावर आळ घेऊ नकोस. या घरात राहायचंय आपल्याला."

त्यात तथ्य होतं. परदेशी माणसाला खोली देणारी घरं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घरमालकिणीला चोर म्हणायचं तर आधी दुसरं छप्पर शोधायला हवं. मी गप्प बसले, पण ट्रंकेच्या कडीला रोज सकाळी एक पांढरा दोरा गुंडाळून ठेवायला लागले. दोरा तुटलेला एकदाही दिसला नाही. चोराचं काम झालं होतं, तो परत कशाला येईल?

अशात कार्निव्हल जवळ आला. ह्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी मेळावा होता आणि प्रत्येकाने सोंग घेऊन यायचं होतं. प्रोफेसरांच्या पत्नी मला म्हणाल्या, "तुमचं किती सोपं! तुम्ही साडीतच या!"

घरी येईपर्यंत माझ्या कानशिलात ते वाजत राहिलं. "अहो, माझं रोजचं लुगडं म्हणजे यांना सोंग! उद्या त्यांच्या स्कर्टला मी सोंग म्हटलं तर?"

"मग म्हण की," हे म्हणाले.

आणि मी तेच करायचं ठरवलं. शंभर वर्षांपूर्वीची जर्मन बाई व्हायचं. पायघोळ घागरा, फुग्याच्या बाह्या आणि वरून आवळलेलं कॉर्सेट. चोळ्या मी बाराव्या वर्षापासून शिवत होते, कॉर्सेट म्हणजे काय, हाडं घातलेली चोळीच की.

"खालच्या बाईंना विचार ना," हे पटकन म्हणाले. "लढाईच्या आधी कॉर्सेटच्या दुकानात कामाला होत्या त्या. शिकवतील. तुझ्यावर लोभ आहे त्यांचा."

माझ्यावर लोभ? हे ह्यांना कुणी सांगितलं? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण मोह असा, की बाईंची शिवणाची खोली मला आतून बघायला मिळणार होती. खण शिवणाच्या खोलीत नसेल तर कुठे असेल? मी लगेच हो म्हटलं. शिकायला म्हणून गेले आणि झडती घ्यायला म्हणून गेले, दोन्ही खरं.

त्या खोलीत पायाने चालवायचं मशीन होतं, कापायचं लांब टेबल होतं आणि भिंतीला एक कुलूपबंद कपाट होतं. कपाटाला कुलूप आहे हे मी पहिल्या मिनिटाला पाहिलं. बाईंनी टेप काढला आणि माझी मापं घ्यायला लागल्या. मी चोळीला घेते तशी नाही, बरगडीच्या खाली, बरगडीवर, कंबरेला, कंबरेखाली, बसवून, उभं करून. प्रत्येक आकडा एका वहीत लिहिला. मी वाकून पाहिलं तर माझ्या आकड्यांच्या शेजारी दुसऱ्या आकड्यांची ओळ होती, माझ्यापेक्षा बरीच रुंद.

"ही कुणाची मापं?" मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

बाईंनी वही मिटली. "आल्झो," म्हणजे बरं तर, त्या म्हणाल्या, "आधी जुन्या चादरीचं शिवू. चांगलं कापड नंतर."

शिकवायला मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. हे मी तेव्हाही मानत होते, नाइलाजाने. चादरीचा नमुना माझ्या अंगावर उलटा चढवून जिथे जिथे सैल होता तिथे टाचण्या लावल्या आणि पुन्हा कापला, पुन्हा लावला. मग जाड ड्रिलचं कापड आणि आतून अस्तर. दोन्हींच्या मधे उभ्या अरुंद बोळकांड्या शिवायच्या आणि त्यांत पोलादाच्या पट्ट्या सरकवायच्या. पट्ट्या त्यांच्याकडे जुन्या दुकानातल्या उरलेल्या होत्या, मेणकागदात बांधून ठेवलेल्या. माझी शिवण केसभर वाकडी गेली की पट्टी आत अडकायची आणि बाई काही न बोलता मला उसवायची सुरी द्यायच्या. मी एक बोळकांडी चारदा उसवली. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे आता बरोबर. मला इतका आनंद झाला की मी आपण कशासाठी आलोय हे दोन मिनिटं विसरले, आणि मग स्वतःवरच चिडले.

पुढून हूक लावायचे की मागून नाड्या, हा प्रश्न आला. बाईंनी आपल्या करड्या झग्यावरून हात फिरवून दाखवलं. त्यांचं स्वतःचं रोजचं कॉर्सेट पुढून हुकांचं होतं.

"मागच्या नाड्यांनी अंगाला जास्त नीट बसतं," त्या म्हणाल्या. "पण त्या ओढायला दुसरं माणूस लागतं. एकट्या बाईने पुढून हूकच लावावेत. तुम्हाला नवरा आहे, तुम्ही मागून नाड्या ठेवा."

मी नाड्या ठेवल्या. नाड्या ओवायच्या भोकांना धातूच्या कड्या, म्हणजे आयलेट, हातोडीने ठोकताना अंगठा चेचला तो वेगळाच.

आणि मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न त्यांनी मान खाली घालून, सुई ओवता ओवता विचारला. "तुमच्याकडची ती गडद कापडं, बारीक काठाची. धुतली की रंग जातो का?"

माझ्या हातातली टाचणी खाली पडली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "काठ वर घ्यायचा असतो की खाली?" तिसऱ्या दिवशी, "त्याला इस्त्री उलट बाजूने करायची ना?" चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते हे! माझं कापड नेऊन ते कसं धुवायचं हे मलाच विचारतेय ही बाई. मी मुद्दाम प्रत्येक वेळी "मला माहीत नाही" म्हटलं. त्यांचा चेहरा पडायचा. पडू दे, मी म्हणायची मनात.

कपाटाचं कुलूप काही उघडं सापडेना. पण शेवटच्या आठवड्यात, माझ्या कॉर्सेटच्या कडेला फीत शिवत असताना मशीनच्या पायडलखाली मला काहीतरी दिसलं. बाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी खाली वाकून ते उचललं. बोटभर दोरा, अंजिरी. एका टोकाला पिवळा धागा गुंतलेला.

तो मी ब्लाऊजमध्ये खोचून वर आले. म्हणजे कापला होता! आईने बारा वर्षं ज्याला कात्री लावली नाही तो खण या बाईने कापला होता. मी तशीच टेबलाशी बसले, एरोग्राम, विमानाने जाणारं ते घडीचं पत्र, काढला आणि आईला लिहिलं. सगळं लिहिलं. तू लपवून दिलेला खण घरमालकिणीने चोरला, फाडला, पुरावा माझ्याकडे आहे. आणि रागाच्या भरात शेवटी लिहिलं, 'बाई विधवा आहे. विधवेला खण कशाला हवा होता कोण जाणे.' त्याच पावली खाली उतरून पत्र टाकून आले.

मग ह्यांचा शब्दकोश काढला. चोरी करणे याला काय म्हणतात ते शोधलं आणि एक पूर्ण वाक्य तयार केलं. तुम्ही माझ्या आईचं कापड चोरलंत. क्रियापद शेवटी येतंय ना हे दोनदा तपासलं. भांडायचं तर व्याकरण चुकता कामा नये, नाहीतर समोरचा त्यातच सुटतो. दोन दिवस मी ते वाक्य भांडी घासताना म्हणत होते. खोली गेली तर गेली, पण त्या बाईच्या तोंडावर हे म्हटल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

गुरुवार उजाडला. कार्निव्हलच्या आधीचा तो गुरुवार तिथे बायकांचा असतो. त्या दिवशी बायका रस्त्यात, कचेरीत, जिथे सापडेल तिथे पुरुषांचे टाय कापतात आणि पुरुषांनी हसायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे दुपारी लवकर घरी आले ते अर्ध्या टायवर. लग्नातला टाय, गाठीखाली चार बोटं उरलेला.

"हे कोणी केलं?"

"खालच्या बाईंनी. जिन्यातच गाठलं," हे हसत म्हणाले.

"आता तुमचेही कपडे कापायला लागली का ती!"

ह्यांनी तो रिवाज मला समजावून सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात खालून हाक आली. बाई मला बोलावत होत्या. एक मिनिट येता का, बिट्टे, म्हणजे कृपा करून.

"येते की," मी मराठीतच म्हटलं. पदर खोचला आणि निघाले. हे मागून "अगं ऐक, थांब जरा" म्हणत होते, पण मी मधल्या मजल्यावर पोचले होते. वाक्य तोंडात तयार होतं.

शिवणाच्या खोलीचं दार उघडं होतं. बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. काळा घागरा, पांढरं पोलकं, आणि पोलक्यावर कॉर्सेट. दोन्ही बाजूंना काळं सॅटिन आणि मधे माझ्या आईचा खण. पाठीच्या मधोमध कॉर्सेट उघडं होतं आणि लांब नाड्या दोन्हीकडे लोंबत होत्या. कपाटाचं दार सताड उघडं, आत काहीच नव्हतं.

त्या वळल्या. पुढेही खण होता, काठ वर. इतकी नाजूक शिवण मी जन्मात पाहिली नव्हती. खणाच्या रेघा जोडाला एकमेकींना लागून बसल्या होत्या, जोड कुठे आहे ते बोटानेही कळलं नसतं. आणि बाईंचे गाल लाल झाले होते.

"तुमच्या मिस्टरांनी सांगितलं होतं, यासाठी आभार मानायचे नसतात म्हणून," त्या म्हणाल्या. "खण अंगावर घालायचा, तेच आभार. म्हणून मी काही बोलले नाही. पण आता बोलते. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बोलावलंत आणि मला नाही, तेव्हा मला वाटलं, माझ्या नवऱ्याच्या त्या फोटोमुळे असेल. तुम्ही फोटोकडे बघत नाही, मला माहीत आहे. मग दुसऱ्या दिवशी तुमचे मिस्टर हे घेऊन आले. म्हणाले, माझ्या बायकोने हा तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवला होता."

माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. दोन दिवस घोकलेलं, क्रियापदासकट.

बाईंनी विचारलं असतं, की मग का नाही बोलावलं, तर मला खरं सांगावं लागलं असतं. फोटोमुळे नाही हो. तो मेला म्हणून. तुम्ही जिवंत राहिलात म्हणून. मी ते मनातल्या मनात जर्मनमध्ये जुळवून पाहिलं आणि मला माझीच शिसारी आली. मराठीत हे वाक्य मला कधीच म्हणावं लागलं नव्हतं, तिथे ते सगळ्यांना न बोलता कळतं. माझ्या आईलाही कळलं होतं, म्हणूनच ती दाराआड उभी राहिली.

पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पुन्हा पाठ वळवली आणि नाड्यांची टोकं मागे माझ्या दिशेने धरली.

"या वेळी मी मागून नाड्या ठेवल्या," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षांनी. म्हटलं, घरात आता ओढायला कुणीतरी आहे."

मी नाड्या हातात घेतल्या. त्यांनीच शिकवलं होतं तसं मधून सुरुवात केली, एकेक फुली ओढत वर गेले, मग खालून वर. अंजिरी खण त्यांच्या पाठीवर हळूहळू मिटत आला. माझे डोळे भरून आले होते, पण पाठ माझ्याकडे असल्याने त्यांना दिसत नव्हतं.

"घट्ट झालं का?" मी विचारलं.

"हो, पण अजून थोडं," त्या म्हणाल्या. मी ओढलं.

काठ वर घ्यायचा तो बरोबर घेतलात, एवढं मी त्यांना सांगितलं. तीन दिवसांच्या उत्तरांपैकी तेवढं तरी देणं लागत होते. मग त्या डोक्याला फुलांची टोपी घालून, हातात कात्री घेऊन, टाय शोधत रस्त्यावर गेल्या. त्यांना काळ्या-करड्याखेरीज दुसऱ्या रंगात गल्लीने बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असेल. समोरचा पाववाला दुकानातून बाहेर आला आणि त्याने स्वतःहून टाय पुढे केला.

वर हे अर्ध्या टायवर पलंगाच्या कडेला बसले होते.

"कुणाला विचारून दिलात?" मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"संक्रांतीच्या दिवशी तू वड्यांचं ताट घेऊन वर-खाली करत होतीस. मी जिन्यातून येत होतो. बाईंचं दार उघडं होतं. केस नीट बसवून, गळ्यात मोत्यांची माळ घालून खुर्चीत बसल्या होत्या, हाक येईल म्हणून. वर हसण्याचे आवाज येत होते. मला ते बघवलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू रिवाज सांगितला असतास, मग वाद झाला असता."

"पण तोच का? चार गेले तरी दुसरं काही देता आलं असतं."

"तळाशी होता. जुन्या कागदात. मला वाटलं, नको असलेला असेल."

आईचा तो खण होता हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्यांनी उरलेल्या टायची गाठ सोडली. मग म्हणाले, "परत मागू का?" मी नाही म्हटलं. मागून काय मिळणार होतं? चार तुकडे.

शनिवारच्या मेळाव्याला मी माझं कॉर्सेट घालून गेले. ह्यांनी नाड्या इतक्या आवळल्या की मला रात्रभर धड बसता आलं नाही. प्रोफेसरांच्या पत्नी मला बघून जरा खट्टू झाल्या आणि म्हणाल्या, साडी का नाही नेसलात? पण मला त्या मेळाव्यातलं फारसं काही आठवत नाही. माझं चित्त त्या एरोग्रामपाशी होतं. 'विधवेला खण कशाला हवा होता कोण जाणे.' हे मी माझ्या आईला लिहिलं होतं. माझ्याच हाताने, तिकीट लावून. ते पत्र आता कुठेतरी विमानात होतं आणि जगातल्या कुठल्याच पोस्टाला ते परत मागता येत नव्हतं.

मेळाव्याच्या आधीच, गुरुवारीच संध्याकाळी, मी दुसरं पत्र लिहून टाकलं होतं. खण चोरीला गेला नव्हता, बाईंना दिला गेला होता. त्यांनी त्याचं काय केलं, कसं शिवलं, काठ कुठे घेतला, मी नाड्या कशा ओढल्या, सगळं. संक्रांतीचंही लिहिलं, त्यांना मी का बोलावलं नव्हतं ते. माफ कर, असं लिहिलं, पण कशाबद्दल ते लिहायचं धाडस झालं नाही. आपल्याकडे मुली आईची माफी मागत नाहीत, त्यामुळे ते शब्द कागदावर फार परके दिसले.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. रोज दुपारी पोस्टमन आला की मी जिन्यात जाऊन उभी राहायची आणि बाई आपल्या दारातून बघायच्या. पत्र आलं तेव्हा ते मी तिथेच, त्यांच्या दाराशी उघडलं. आईचं अक्षर मोठं, तिच्या एरोग्रामवर फार मजकूर मावायचा नाही. घरची चार वाक्यं होती, मावशीच्या गुडघ्याचं एक होतं. मग तिने लिहिलं होतं:

'तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. मी आधी दुसरं वाचलं. खण बारा वर्षं पेटीत होता, त्याला हवा लागली, बरं झालं. बाईंना तो रंग शोभला का, हे तू लिहिलं नाहीस.'

बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी मान हलवली.

एरवी एरोग्रामचा समासही मी कोरा सोडत नसे, पैसे दिलेत म्हणून. त्या दिवशी मधोमध एवढंच लिहिलं, 'फार शोभला, आई,' आणि कागद चिकटवून टाकला.

दोन पत्रं एकाच दिवशी मिळाली तर आई पोस्टाचे शिक्के बघून ती ओळीनेच, आधीचं आधी, वाचायची. मला माहीत आहे, तिची सवय होती ती. पुढे मी तीनदा भारतात जाऊन आले, तिच्या शेजारी बसून तासन्‌तास बोलले, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करणाऱ्या मी तिला ही एक गोष्ट कधी विचारली नाही.